श्रीखंड, बासुंदी, खरवस घरी नीट ठेवायचं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली १४ वर्षं घरून श्रीखंड-बासुंदीच्या ऑर्डरी घेते. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, भाऊबीज आली की ऑर्डरीच्या मेसेजपेक्षा "ताई हे बाहेर राहिलं, आता खाऊ का" असेच मेसेज जास्त येतात. रात्री ११ लाही येतात आणि मी उत्तर देते कारण त्या घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असतंच. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवलेत. आधी साधे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा लिहिलेलं नाही, कुठे बघायचं तो नंबर दिलाय.

१. ताई, घरचं श्रीखंड फ्रीजमध्ये किती दिवस टिकतं?

मी माझ्या डब्यावर ५ दिवस लिहिते. बऱ्याच घरात आठवडाभर खातात आणि काही होत नाही हे मला माहितीये, पण तुमच्या फ्रीजचं दार दिवसातून किती वेळा उघडतं ते मला माहीत नाही म्हणून ५. श्रीखंड इतकं टिकतं याची दोन कारणं, एक म्हणजे दह्याचा आंबटपणा आणि दुसरं म्हणजे साखर. आंबट जागेत बरेचसे वाईट जंतू वाढत नाहीत आणि साखर पाणी धरून ठेवते, जंतूंना वापरायला पाणीच उरत नाही. वेलची, केशर, जायफळ घातल्याने टिकतं असं काही नाही, ते चवीला. विकतचं पॅकबंद असेल तर डब्यावरची तारीख सील उघडेपर्यंतच खरी. सील उघडलं की ते घरच्यासारखंच समजा.

२. मग बासुंदी का नाही तेवढी टिकत? तिच्यातही साखर असतेच की.

असते, पण श्रीखंडाच्या मानाने खूप कमी, आणि आंबटपणा तर शून्य. आटवलेलं गोड दूध म्हणजे जंतूंना पंगत वाढल्यासारखं, प्रथिनं आहेत, साखर आहे, पाणी भरपूर आहे. बासुंदी, रबडी, रसमलाई, मसाला दूध, खीर, फ्रूट सॅलडचं कस्टर्ड, हे सगळं एका गटातलं. फ्रीजमध्ये २ दिवस, तिसऱ्या दिवशी मी स्वतः खात नाही. आणि हे २ दिवस कधी, तर बासुंदी वेळेत गार केली असेल तर (प्रश्न ५).

३. बाहेर टेबलावर किती वेळ चालतं?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात कमी लोक विचारतात, सगळे दिवस विचारतात, तास कोणीच विचारत नाही.

५ ते ६० अंश सेल्सिअस या मधल्या पट्ट्यात जंतू वाढतात. या पट्ट्यात दुधाचा पदार्थ एकूण २ तासांपेक्षा जास्त राहू द्यायचा नाही. बाहेर ३२ अंशांच्या वर गरमी असेल तर १ तास. पाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो, तेव्हा नागपूर-जळगावच काय पुण्यातही दुपारी ३२ च्या वरच असतं, म्हणजे पाडव्याच्या जेवणाला १ तासच धरा.

आता "एकूण" म्हणजे काय ते सांगते कारण इथेच सगळे फसतात. सकाळी नैवेद्याला डबा बाहेर काढला, अर्धा तास राहिला. जेवणाला परत काढला, पाऊण तास. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या म्हणून वाटीत काढून दिलं, डबा ओट्यावरच राहिला, वीस मिनिटं. रात्री मुलांनी घेतलं, परत अर्धा तास. प्रत्येक वेळी "थोडाच वेळ" होता पण बेरीज केली तर २ तास कधीच उलटून गेले. फ्रीजमध्ये परत ठेवल्याने मागचे तास पुसले जात नाहीत, जंतू वाढायचे फक्त मंदावतात, मरत नाहीत. काही जंतू मानवेल त्या हवेत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतात, एकाचे ४ तासांत ४०९६. तेवढा एक आकडा लक्षात ठेवला तरी डबा ओट्यावर राहत नाही.

उपाय सोपा आहे. मोठा डबा टेबलावर आणायचाच नाही, लागेल तेवढं छोट्या बाऊलमध्ये काढायचं, डबा लगेच आत. त्या बाऊलमध्ये उरलेलं परत डब्यात घालायचं नाही.

४. माझा फ्रीज ३ नंबरवर आहे. बरोबर आहे ना?

तो नंबर म्हणजे अंश नाहीत हो! बहुतेक फ्रीजमध्ये नंबर मोठा म्हणजे गारवा जास्त, एवढंच. आतलं तापमान ५ च्या खाली पाहिजे आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. एक साधा थर्मामीटर आणा (तापाचा चालत नाही, तो एवढं खाली दाखवत नाही), पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या फ्रीजमध्ये ९ होतं, मे महिना होता आणि फ्रीज भिंतीला चिकटून होता, मागे हवा खेळायला जागाच नव्हती. चार बोटं पुढे ओढला, नंबर वाढवला, दुसऱ्या दिवशी ४ आलं.

दाराचे कप्पे सगळ्यात कमी गार असतात, तिथे सॉस, लोणचं ठेवा, दुधाचं गोड आतल्या बाजूला. आणि झाकण घट्ट, नाहीतर श्रीखंडाला लसणाचा किंवा मासळीचा वास लागतो आणि मग ते चांगलं असूनही कोणी खात नाही.

५. बासुंदी गरम असतानाच फ्रीजमध्ये ठेवली तर फ्रीज बिघडतो का? आमच्याकडे रात्रभर ओट्यावर गार करतात.

रात्रभर ओट्यावर कृपया नको. हे मी अनुभवाने सांगतेय.

आठ वर्षांपूर्वीची भाऊबीज. ६ लिटर दूध आटवून बासुंदी केली, रात्री ११ ला गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि झोपले. सकाळी ७ ला झाकण काढलं, वर जाड साय धरलेली, पातेल्याची कड हाताला गार लागली, म्हटलं झालं गार. पळी मध्ये घातली आणि ढवळली तर आतून कोमट वर आलं. ८ तासांनी मध्ये कोमट! मला तेव्हा एवढंच वाटलं की अरे वा, बासुंदी किती छान घट्ट झालीये. फ्रीजमध्ये ठेवली, दुपारी वाढली, सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून खाल्ली. चारच्या सुमारास माझ्या भाच्याला पहिली उलटी झाली, आणि संध्याकाळपर्यंत सात जणांना. भाऊ दोन दिवस सलाईनवर होता. चवीत, वासात काहीही कळलं नव्हतं.

घट्ट, सायीचं, मोठ्या पातेल्यातलं दूध मधून गार व्हायला खूप वेळ लागतो आणि झाकण ठेवलं की अजून जास्त. ६० वरून २१ अंशांपर्यंत २ तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या ४ तासांत यायला पाहिजे. हे असं करायचं: सिंकमध्ये किंवा मोठ्या परातीत गार पाणी आणि बर्फ घ्यायचा, त्यात पातेलं ठेवायचं, पळीने सतत ढवळत राहायचं, पाणी गरम झालं की बदलायचं. वीसपंचवीस मिनिटांत हाताला कोमट लागते. मग पसरट डब्यांत ओतायची, दोन इंचांपेक्षा जास्त खोल नाही, कुकरचे डबे छान आहेत याला. झाकण थोडं तिरकं ठेवून फ्रीजमध्ये, पूर्ण गार झाली की झाकण घट्ट.

फ्रीज बिघडायचं म्हणाल तर कोमट डब्यांनी काही होत नाही. उकळतं मोठं पातेलं ठेवलंत तर आतलं बाकीचं सामान गरम होतं, म्हणून ते नको.

६. वास चांगला येतोय, चवही चांगली आहे. मग खायला काय हरकत आहे?

वरची बासुंदी चवीला उत्तमच होती. दूध नासणं, आंबणं, हे करणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे. दुधाच्या मिठाईत जो नेहमी सापडतो तो स्टॅफिलोकॉकस, तो आपल्याच नाकात, त्वचेवर, पिकलेल्या जखमेत असतो. हाताने, चमच्याने तो बासुंदीत जातो, कोमट जागा मिळाली की वाढतो आणि विष सोडतो. त्या विषाला ना रंग, ना वास, ना चव. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून ८ तासांपर्यंत कधीही जोरात उलट्या सुरू होतात. त्या भाऊबीजेला माझ्या अंगठ्याला विळीने कापलेलं होतं आणि मी तसाच खवा कुस्करला होता, डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाताबद्दलच विचारला. तेव्हापासून बोटाला काही लागलं असेल तर ग्लोव्ह घालते किंवा सरळ दुसऱ्या कोणाला करायला लावते.

७. मग परत एकदा चांगली उकळून घेतली तर?

नाही चालत. उकळल्यावर जंतू मरतात पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. बाहेर राहिलेली बासुंदी उकळणं म्हणजे फक्त मनाचं समाधान. टाकून द्या. मला माहितीये ६ लिटर दूध, काजू, बदाम, केशर टाकताना किती जिवावर येतं, पण टाका.

८. चक्का रात्रभर नळाला टांगून ठेवतो, ते पण बाहेरच झालं ना?

हो, पण इथे दही मदतीला असतं. चांगलं लागलेलं दही आधीच आंबट असतं त्यामुळे बासुंदीसारखा धोका नाही. तरी उन्हाळ्यात मी टांगत नाही, कारण सकाळपर्यंत चक्का इतका आंबतो की साखर कितीही घातली तरी जिभेला लागतोच आणि कापडाच्या बाहेरच्या बाजूवर धूळ, माशी काय काय बसतं. चाळणीत पंचा पसरायचा, दही ओतायचं, खाली पातेलं, वर ताटली आणि ताटलीवर पाण्याचा छोटा डबा वजन म्हणून, आणि सगळं फ्रीजमध्ये. १० ते १२ तास लागतात, बाहेरच्यापेक्षा थोडे जास्त, पण चक्का गोडसर निघतो.

पंचा त्याच कामाचा वेगळा ठेवा, वापरला की उकळत्या पाण्यात घालून कडक उन्हात वाळवा. आणि पुरणयंत्र! चक्का फेटायला घेतो ते पुरणयंत्र जाळी काढून धुवा, जाळीच्या कडेला मागच्या वेळचं पुरण वाळून बसलेलं असतं. मी जुना टूथब्रश ठेवलाय त्याला.

९. श्रीखंडाला वर पाणी सुटलंय. खराब झालं का?

नुसतं पिवळसर पाणी म्हणजे निवळी, ढवळून घ्या, काही होत नाही, पुढच्या वेळी चक्का अजून निथळू द्या. पण झाकण फुगलंय, उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसतायत, दारूसारखा आंबूस वास येतोय तर यीस्ट वाढलंय, टाका. हिरवा, काळा, गुलाबी, नारिंगी कुठलाही ठिपका दिसला तर सगळा डबा टाका. "वरचं काढून खालचं खाऊ" हे घट्ट चीजला चालतं, श्रीखंडासारख्या मऊ पदार्थात बुरशी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा खूप खोल गेलेली असते.

१०. फळं घातली की किती दिवस कमी होतात?

आमरस घालून आम्रखंड केलं तर मी ३ दिवस म्हणते. डबाबंद पल्प असेल तर आधीच उकळलेला असतो, थोडं जास्त टिकतं, ताज्या हापूसचा रस असेल तर कमी. कापलेली फळं (डाळिंब, द्राक्षं, सफरचंद) वाढताना वरून घाला, डब्यात मिसळून ठेवू नका, पाणी सुटतं आणि सालीवरचे जंतूही आत जातात.

दोन फळांचं वेगळं सांगते. कच्चा अननस आणि किवी दुधा-दह्यात घातले की थोड्या वेळाने कडू लागतं, ते खराब झालं म्हणून नाही तर त्या फळातला एक घटक दुधाची प्रथिनं तोडतो म्हणून. अननस साखरेत शिजवून गार करून घाला, मग होत नाही. (पपईचंही तसंच, पण पपईचं श्रीखंड मला अजून कोणी मागितलं नाहीये.) आणि सीताफळ बासुंदीत सीताफळाचा गर गरम बासुंदीत घालायचा नाही, गर तापला की कडवट होतो. बासुंदी फ्रीजमध्ये गार झाल्यावर घाला आणि त्याच दिवशी संपवा.

११. बाबांना डायबेटिस आहे, बिनसाखरेचं श्रीखंड केलं. ते पण ५ दिवस?

नाही, २ दिवस. प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं साखरच टिकवायचं काम करत असते. शुगर फ्री गोळ्या-पावडरीने गोडी येते पण त्या चिमूटभरच पडतात, पाणी धरून ठेवायला पुरत नाहीत. थोडं थोडं करा.

१२. नैवेद्याचं काय? देवासमोरून लगेच कसं उचलायचं?

देवासमोर छोटी वाटी ठेवा, बाकी पातेलं आत. नैवेद्य दाखवून झाला की ती वाटी प्रसाद म्हणून सगळ्यांनी चमचा चमचा लगेच घ्यायची. गणपतीत आरत्या लांबतात, दीड तास सहज जातो, तर नैवेद्य आरतीच्या आधी मांडून न ठेवता नंतर आणायचा, आमच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले खुशाल आणा.

कोजागिरीचं दूध वेगळं. रात्री ८ ला आटवतात, गच्चीवर नेतात, १२ ला चंद्र डोक्यावर आला की पितात, म्हणजे ४ तास कोमट. चंद्राचं प्रतिबिंब बघायला एक वाटी ठेवा, बाकी दूध एकतर गरमच राहू द्या, म्हणजे वाफ दिसेल आणि पेला हातात धरवणार नाही इतकं (६० च्या वर), स्टीलच्या चांगल्या थर्मासमध्ये राहतं, नाहीतर सरळ गार करून फ्रीजमध्ये आणि १२ ला थंड मसाला दूध. कोमट तेवढं नको.

१३. पंचामृत कच्च्या दुधाचं करतात, ते लहान बाळाला देऊ का?

पंचामृतात दोन गोष्टी बघायच्या. एक, दूध. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध म्हणजे आधीच तापवून गार केलेलं, पिशवी गार राहिली असेल तर न उकळता वापरलं तरी चालतं. गोठ्यातून आणलेलं धारोष्ण दूध मात्र आधी उकळून गार करा, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात, ताप महिनोन्‌महिने जात नाही.

दोन, मध. १ वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, बोटाला लावून चाटवायचा पण नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ती वाढत नाहीत, बाळाच्या आतड्यात वाढतात आणि स्नायू लुळे पडतात. आजीला वाईट वाटेल, पण सांगा. बाळासाठी वेगळं हवं असेल तर त्याच्या कपाळाला पंचामृताचं बोट लावा.

केळी घातलेलं पंचामृत पूजा संपली की वाटून संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

१४. डोहाळजेवण आहे. गरोदर मुलीला श्रीखंड, बासुंदी चालते?

पाश्चराइज्ड किंवा उकळलेल्या दुधाचं, ताजं, चालतं. गरोदरपणी लिस्टेरिया नावाच्या जंतूची भीती जास्त, तो फ्रीजच्या गारव्यातही हळूहळू वाढतो आणि बाळाला त्रास होतो, म्हणून तिच्यासाठी माझे दिवस सगळ्यांच्या निम्मे. कालची बासुंदी तिला नाही, आजची. कच्च्या दुधाचं घरगुती पनीर, गाडीवरची मस्तानी, कोणी कधी केलंय माहीत नाही असं काहीही, तिच्या ताटात नको. ओटीभरणाला आलेल्या बर्फीच्या बॉक्सवर तारीख नसेल तर तेही नको.

१५. गावाहून चीक आलाय, खरवस कधीपर्यंत करायचा?

आला तसा. चीक कच्चा असतो, गोठ्यातल्या हातांनी काढलेला असतो आणि एसटीत दोनतीन तास बाटलीत हिंदकळत आलेला असतो. लगेच करायचा नसेल तर लगेच फ्रीजरमध्ये, बाटली काठोकाठ भरू नका, गोठल्यावर फुगते. पुढे फ्रीजमध्येच वितळवून करा.

चिकातली प्रथिनं उष्णतेने आळतात म्हणून खरवस वाफेवर घट्ट होतो, बाहेरून काही घालावं लागत नाही. मध्यभागी सुरी घालून बघा, दुधाळ काही लागलं तर आत अजून शिजायचाय. कडा घट्ट आणि मध्ये लुसलुशीत पातळ असा खरवस काहींना आवडतो पण तो कच्चा आहे. शिजलेला खरवस फ्रीजमध्ये २ दिवस. कंडेन्स्ड मिल्क आणि दह्याचा बिनचिकाचा खरवस केला असेल तरी तेच दिवस.

१६. पितृपक्षात तांदळाची खीर सकाळी करतो, कावळ्याची वाट बघत दुपार होते. ती खातात सगळे.

यात तांदूळ आहे म्हणून वेगळं लिहिते. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत, खीर कोमट झाली की उगवतात आणि त्यांचंही विष उकळून जात नाही. पानावर वाढून ठेवलेली कावळ्याची, ती कावळ्यालाच. घरच्यांसाठीची खीर गॅसवर अगदी मंद आचेवर गरम ठेवा नाहीतर प्रश्न ५ प्रमाणे गार करा. गुळाची खीर असेल तर गूळ घालताना दूध फाटतं म्हणून लोक खीर आधी गार होऊ देतात, ते बरोबर आहे, पण कोमट होईपर्यंतच थांबा, तासन्‌तास नाही.

१७. लाईट गेली. फ्रीजमधलं किती वेळ चांगलं राहतं?

दार उघडलं नाही तर ४ तास. फ्रीजर भरलेला असेल तर ४८ तास, अर्धा असेल तर २४. म्हणून लाईट गेली की घड्याळ बघा, वेळ लिहून फ्रीजला कागद चिकटवा आणि सगळ्यांना सांगा उघडू नका. ४ तासांच्या वर गेलं तर बासुंदी, रबडी, खीर, खरवस, क्रीम टाका, श्रीखंडालाही मी तोच नियम लावते. तूप, लोणी राहतं. आईस्क्रीम, कुल्फी पूर्ण वितळली तर परत गोठवून खाऊ नका. गावी गेला होतात आणि मागे लाईट गेली होती का कळत नसेल तर जायच्या आधी फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून वर रुपया ठेवून जायचं, आल्यावर रुपया तळाशी दिसला तर समजायचं.

१८. फ्रीजरमध्ये काय काय राहतं?

श्रीखंड, आम्रखंड राहतं, महिनाभर मी ठेवते, वितळल्यावर फेटून घ्यायचं. खवा, पेढे, साधी बर्फी चांगली राहते. बासुंदी राहते पण थोडी रवाळ होते. रसमलाईचा स्पंज जातो. कस्टर्ड फाटल्यासारखं दिसतं. वितळवायचं फ्रीजमध्येच, ओट्यावर नाही, आणि एकदा वितळलं की संपवायचं. आमरस वेगळा गोठवा, चक्का वेगळा, हवं तेव्हा एकत्र करा, ते सगळ्यात छान लागतं.

१९. नागपूरला रात्रीच्या बसने बासुंदी न्यायची आहे.

नका नेऊ. १२-१४ तासांचा प्रवास आहे. नृसिंहवाडीची बासुंदी सगळ्यांना घरी न्यायची असते, कोल्हापूरला राहत असाल तर आईस बॉक्समध्ये न्या, त्याहून लांब असाल तर तिथेच पोटभर खा आणि घरी पेढे न्या. सगळ्या पेढ्यांतही साताऱ्याचे कंदी पेढे प्रवासाला चांगले, खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, पाणी कमी, म्हणून टिकतात. पांढरे मऊ केशरी पेढे तेवढे टिकत नाहीत. न्यायचंच असेल तर श्रीखंड आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये दगड करून, थर्माकोलच्या डब्यात आईस पॅक वर-खाली लावून, आणि पोचल्यावर हाताला गार लागलं तरच खायचं.

२०. दुकानातली सुटी मिठाई किती दिवसांची असते ते कसं कळणार?

ट्रेसमोर बघा. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईवर बेस्ट बिफोर तारीख लावणं एफएसएसएआयने बंधनकारक केलंय. पाटी नसेल तर विचारा, विचारायला लाजू नका. कलाकंदासारखी ओलसर मिठाई त्याच दिवशी खायची, रसगुल्ला-रसमलाई दोनेक दिवस, खव्याचे पेढे-बर्फी चारेक दिवस असं साधारण धरा. घरी आल्यावर बॉक्सवर पेनाने तारीख टाका, दिवाळीत आठ बॉक्स येतात आणि कुठला कधीचा ते चौथ्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही.

२१. आजीच्या पितळी पातेल्यात श्रीखंड ठेवलं तर?

आत कल्हई नवी असेल तर करताना चालेल, ठेवायला नको. कल्हई उडालेल्या पितळेत किंवा तांब्यात दही, ताक, श्रीखंड, आंबट काहीही ठेवलं की धातू त्यात उतरतो, हिरवट रंग येतो, कळकतं आणि उलटी-मळमळ होते. काच, स्टील, चिनी मातीची बरणी वापरा. चांदीच्या वाटीत वाढायला काही हरकत नाही.

२२. घरी मुंज आहे, ७० पानं. बासुंदी केटररची येणार आहे.

त्यांना दोन गोष्टी आधीच विचारा: कधी करणार आणि कशात आणणार. "सकाळी ताजी करून ११ ला आणतो" म्हणजे ती बऱ्याचदा कोमटच येते, आणि शेवटची पंगत अडीचला. मी सांगते की आदल्या दिवशी करून थंडगार आणा, बर्फात ठेवलेल्या पिंपात, आणि पंगतीला एकेक भांडंच बाहेर काढा. हॉलवर फ्रीज नसेल तर बर्फाच्या लाद्या सांगून ठेवा. वाढप्यांचे हात, वाढायची पळी याकडे घरातल्या एकाने लक्ष द्यायचं, बाकीची कामं त्याला नको. उरलेली बासुंदी पाहुण्यांना डब्यात बांधून द्यायची नाही! हा प्रेमाचा भाग आहे मला कळतं, पण ती तोपर्यंत तीन तास बाहेर असते.

२३. नारळाच्या दुधाचं गोड पण असंच का?

हो. शिरवाळ्यांसोबतचा रस, मोदकावरचं नारळाचं दूध, हे गाईम्हशीचं नसलं तरी तितकंच लवकर उतरतं, त्याच दिवशी संपवा. गोव्याकडची सेराडुरा म्हणजे फेटलेलं क्रीम, कंडेन्स्ड मिल्क आणि बिस्किटाचा चुरा, त्यात काहीच शिजत नाही म्हणून फ्रीजमधून थेट टेबलावर आणि २ दिवसांत खलास. बेबिंका मात्र थर थर करून पूर्ण भाजलेली, भरपूर साखर-तुपाची, ती जास्त टिकते.

२४. खाल्लं आणि उलट्या सुरू झाल्या. काय करू?

घोट घोट ओआरएस, १ पाकीट १ लिटर पाण्यात (पाकिटावर लिहिलेलं माप बघा), उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत चमच्याने. उलटी थांबवायच्या गोळ्या मनाने देऊ नका. बाळ, गरोदर बाई, सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर वाट न बघता डॉक्टरांकडे. बाकीच्यांनाही शौचातून रक्त, जास्त ताप, सहा-आठ तास लघवी नाही, चक्कर, पाणीही पोटात राहत नाही, यातलं काहीही असेल तर लगेच जा. काय खाल्लं आणि किती वाजता ते कागदावर लिहून न्या, मला त्या भाऊबीजेला डॉक्टरांसमोर काही आठवेना. उरलेला पदार्थ झाकून, वर "खाऊ नये" असं लिहून फ्रीजमध्ये ठेवा, तपासायला लागू शकतो, आणि ज्यांनी ज्यांनी तो डब्यात नेलाय त्यांना आधी फोन करा.

२५. डब्यात तळाशी थोडं जुनं श्रीखंड आहे, त्यातच नवीन घातलं तर चालेल ना?

नाही. मग सगळ्या डब्याची तारीख त्या जुन्याची होते. जुनं आज पोळीबरोबर खाऊन टाका, डबा गरम पाण्याने धुऊन कोरडा करा आणि मग नवीन भरा.